संगणकाच्या पोटातला संगणक

पाकिटावर नुसते 'धामणगाव, वऱ्हाड' एवढेच लिहून पत्र टाकले, तर ते कोठे जाईल? बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. अमरावती जिल्ह्यात धामणगाव गढी आहे. आणि त्याच जिल्ह्यात, बडनेरा व वर्धा यांच्या दरम्यान लोहमार्गावर, धामणगाव रेल्वे आहे. नाव एकच, जागा तीन. परंतु बढे, गढी, रेल्वे ही छोटीशी शेपटी जोडली की पोस्टाचा गोंधळ मिटतो. गावातल्या गावात मात्र प्रत्येक जण आपल्या गावाला नुसते 'धामणगाव'च म्हणतो, आणि त्यात कोणाची अडचण होत नाही.

अगदी अशीच युक्ती वापरून एका संगणकात दोन किंवा तीन संगणक नांदवता येतात. त्यांतला प्रत्येक जण 'हे सारे यंत्र माझेच' असे समजून वागतो. अशा आतल्या संगणकाला आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, असे म्हणतात.

हा केवळ गमतीचा खेळ नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. त्या प्रणालीवर चालणारे आणि विंडोज ११ न पेलणारे कितीतरी संगणक शाळांमध्ये आहेत. समजा, धामणगाव रेल्वेच्या एखाद्या शाळेत असे दहा संगणक आहेत. त्यांवर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली बसवावी, असे शिक्षकांच्या मनात आहे. पण त्याच यंत्रांवर निकालपत्रके आहेत आणि मुलांचे काम आहे. प्रयोग फसला तर? अशा वेळी जुनी प्रणाली न हलवता नवी प्रणाली तिच्या पोटात चालवून पाहण्याचा मार्ग म्हणजे आभासी यंत्र. मात्र ते बसवताना संगणकाच्या अगदी गाभ्याला हात लागतो. म्हणून ते कसे चालते हे आधी नीट समजून घेऊ.

टरफल आणि मगज

वऱ्हाडातल्या मुलांना सरकी ठाऊक असते. तिचे टरफल फोडले की आत मगज मिळतो. त्यातच सारे तेल असते. बीच्या आतल्या या गाभ्याला इंग्रजीत कर्नेल म्हणतात, आणि संगणकाच्या प्रणालीतील सर्वांत आतल्या भागालाही हेच नाव आहे. आपण ज्या भागाला आज्ञा देतो त्याला युनिक्स प्रणालीत 'शेल' म्हणतात. शेल म्हणजे टरफल!

कर्नेलचे काम कोणते? प्रोसेसर कोणत्या प्रोग्रामला किती वेळ द्यायचा, स्मृतीचा कोणता भाग कोणाला द्यायचा, आणि डिस्क, पडदा, कळफलक, छपाईयंत्र यांच्याशी कोणी कधी बोलायचे, हे सर्व कर्नेल ठरवते. हे ठरवणे नुसते शिस्तीवर सोडलेले नाही. प्रोसेसरमध्येच तशी व्यवस्था असते. प्रोसेसर दोन रीतींनी चालतो. एका रीतीत सर्व आज्ञा मोकळ्या असतात. ती फक्त कर्नेलसाठी. दुसऱ्या रीतीत काही आज्ञांना बंदी असते. ती इतर प्रोग्रामांसाठी. चित्रे काढणाऱ्या प्रोग्रामने बंदी असलेली आज्ञा दिली, तर प्रोसेसर तेथेच थांबतो आणि कर्नेलकडे तक्रार नेतो. कर्नेल त्या प्रोग्रामला बंद करते. बाकीचे काम सुखाने चालू राहते.

जगात छपाईयंत्रे आणि जाळ्याची कार्डे हजारो प्रकारची आहेत. त्या सर्वांची भाषा कर्नेलला जन्मतः येणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक यंत्राबरोबर एक दुभाषा येतो. तो कर्नेलची आज्ञा त्या यंत्राच्या भाषेत सांगतो. या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, बहुतेक ड्रायव्हर मोकळ्या रीतीत, कर्नेलच्या मांडीला मांडी लावून चालतात. त्यांच्यावर पहारा नसतो. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नेलमधला ड्रायव्हर चुकला तर सगळा संगणक बंद पडू शकतो.

आतल्याला कळत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका संगणकात दोन प्रणाली एकाच वेळी चालवायच्या, म्हणजे दोन कर्नेले आली. दोघांनाही मोकळी रीत हवी. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार?

उपाय असा. खरी सत्ता एकाकडेच ठेवायची. त्याला यजमान म्हणू. दुसऱ्याला, म्हणजे पाहुण्याला, सत्तेचा भास द्यायचा. पाहुण्या कर्नेलने बंदीची आज्ञा दिली की प्रोसेसर थांबतो. मग एक देखरेख करणारा प्रोग्राम पुढे येतो, त्या आज्ञेचा जो परिणाम व्हायला हवा होता त्याची हुबेहूब नक्कल करतो, आणि पाहुण्याला पुढे चालू देतो. पाहुण्याने 'डिस्कवर लिही' म्हटले, तर खऱ्या डिस्कवरच्या एका फायलीत तो मजकूर लिहिला जातो. पाहुण्याला वाटते आपण डिस्कवरच लिहिले. या देखरेख करणाऱ्याला हायपरव्हायजर म्हणतात. जुन्या काळी कर्नेललाच सुपरव्हायजर म्हणत. त्याच्याही वरचा तो हायपरव्हायजर.

वरच्या प्रोग्रामला खालचा बदल कळू न देणे, ही युक्ती महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने 'जिस्ट' नावाचे कार्ड प्रसारात आणले. त्याच्या तंत्राचा पाया कानपूरच्या आयआयटीत घातला गेला होता. हे कार्ड संगणकात बसवले की त्या काळच्या डॉस प्रणालीवरील मजकुराचे प्रोग्राम फारसा बदल न करता मराठी व इतर भारतीय लिप्यांत वापरता येत. प्रोग्राम आपले जुनेच काम करी. पडद्यावर मात्र देवनागरी उमटे. आभासी यंत्र नक्कल करते ती पूर्ण संगणकाची, एवढाच फरक.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकातच आपल्या मोठ्या यंत्रांवर असे प्रयोग केले, आणि १९७२ साली व्हीएम-३७० ही प्रणाली जाहीर केली. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी त्यामागचा नियम मांडला. साध्या शब्दांत तो असा : यंत्राच्या स्थितीला धक्का लावणारी किंवा ती स्थिती उघड करणारी प्रत्येक आज्ञा पाहुण्याने दिली असता प्रोसेसरने थांबलेच पाहिजे. थांबला तरच नक्कल करता येईल.

आपल्या टेबलावरच्या संगणकांतील प्रोसेसर नेमके येथेच कमी पडत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरमध्ये हा नियम मोडणाऱ्या १७ आज्ञा मोजण्यात आल्या. त्यांतली एक पाहा. 'बाहेरून येणारे व्यत्यय काही काळ बंद ठेव' असे कर्नेलला एका आज्ञेने सांगता येते. तीच आज्ञा सत्ता नसलेल्याने दिली, तर प्रोसेसर थांबत नसे, तक्रारही करत नसे. तो ती गोष्ट मुकाट्याने सोडून देई. पाहुण्याला वाटे व्यत्यय बंद झाले. प्रत्यक्षात ते चालूच. असा मुका नकार उघड नकारापेक्षा घातक असतो.

१९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने यावर तोड काढली. पाहुण्याच्या कर्नेलचा आज्ञासंच चालवण्यापूर्वी वाचायचा आणि त्यातल्या धोक्याच्या आज्ञा बदलून मग चालवायचा. या रीतीवर चालणारा त्यांचा प्रोग्राम १९९९ साली बाजारात आला. पुढे प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच दुरुस्ती केली. इंटेलने २००५ साली व्हीटी-एक्स ही सोय आणली. एएमडी कंपनीची एएमडी-व्ही २००६ साली आली. आता प्रोसेसरमध्ये 'यजमान' आणि 'पाहुणा' या दोन वेगळ्या अवस्थाच आहेत. पाहुण्याच्या अवस्थेत कर्नेलला आपली मोकळी रीत मिळते, पण ठरावीक प्रसंगी प्रोसेसर पाहुण्याकडून सूत्रे काढून यजमानाच्या हाती देतो.

पत्त्यांचे भाषांतर

धामणगावांची गोष्ट आठवते ना? संगणकाची स्मृती ४०९६ बाइटांच्या पानांत विभागलेली असते आणि प्रत्येक पानाला क्रमांक असतो. दोन पाहुणे आहेत, आणि दोघांनीही 'पान ५०० वर लिहा' असे म्हटले, तर?

दोघांचे ५०० क्रमांकाचे पान वेगळे असते. हायपरव्हायजर प्रत्येक पाहुण्यासाठी एक तक्ता ठेवतो. पहिल्याचे पान ५०० म्हणजे खऱ्या स्मृतीतील, समजा, ७०,२१२. दुसऱ्याचे पान ५०० म्हणजे ९३,००४. २००७-०८ च्या सुमारास हा दुहेरी तक्ता वाचण्याचे कामही प्रोसेसरने स्वतःकडे घेतले, त्यामुळे वेग वाढला. शिवाय प्रत्येक वेळी तक्ता चाळावा लागू नये म्हणून प्रोसेसर अलीकडे पाहिलेले पत्ते एका छोट्या यादीत लक्षात ठेवतो. त्या यादीतील नोंदीला पाहुण्याचा क्रमांक जोडता येतो. बढे, गढी, रेल्वे यांसारखीच ही शेपटी! ती असल्यामुळे एकाचे पत्र दुसऱ्याच्या घरी जात नाही.

मग ड्रायव्हर कशासाठी?

व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम तुम्ही विंडोजवर किंवा लिनक्सवर बसवता, तेव्हा पडद्यावर दिसते ती साधी खिडकी. ती बंदीच्या रीतीत चालते. पण 'आता पाहुण्याच्या अवस्थेत जा' ही आज्ञा फक्त मोकळ्या रीतीतूनच देता येते. म्हणून या प्रोग्रामाला आपला एक माणूस कर्नेलमध्ये ठेवावा लागतो. तोच त्याचा कर्नेल ड्रायव्हर. येथे तो कोणत्याही छपाईयंत्राचा दुभाषा नसतो. प्रोसेसरच्या त्या विशेष सोयीपर्यंत पोहोचण्याचे ते दार असते. या एका गोष्टीतून पुढच्या चारही अडचणी निघतात.

पहिली अडचण, कर्नेल बदलण्याची. लिनक्समध्ये ड्रायव्हर त्या त्या कर्नेलच्या आवृत्तीसाठी तयार केलेला असतो. कर्नेल नवे आले की जुना ड्रायव्हर त्यात बसत नाही. कुलूप बदलले आणि किल्ली जुनीच राहिली, तसे हे आहे. लक्षण ठरलेले : खिडकी नीट उघडते, पण आतले यंत्र सुरू होत नाही, आणि कर्नेल ड्रायव्हर चढलेला नाही असा निरोप येतो. अशा वेळी सारा प्रोग्राम काढून टाकण्याची घाई करू नये. नव्या कर्नेलच्या 'हेडर' फायली आहेत का ते पाहावे आणि ड्रायव्हर पुन्हा तयार करावा. डीकेएमएस नावाची व्यवस्था बसवलेली असली, तर कर्नेल बदलताच हे काम आपोआप होते.

दुसरी अडचण, ओळखपत्राची. कर्नेलमध्ये कोणालाही शिरू देणे धोक्याचे, म्हणून ड्रायव्हरवर विश्वासू संस्थेची अंकीय सही लागते. विंडोज १० मध्ये २०१६ पासून नव्या कर्नेल ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टची सही आवश्यक झाली. लिनक्स संगणकावर 'सिक्युअर बूट' ही सोय चालू असेल, तर तुम्ही तयार केलेल्या ड्रायव्हरवर आपली सही करून तिची किल्ली संगणकात नोंदवावी लागते. ही नोंदणी टाळण्यासाठी सिक्युअर बूटच बंद करा, असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. पण ते म्हणजे पाहुणा अडला म्हणून घराचे फाटकच काढून ठेवण्यासारखे आहे.

तिसरी अडचण, दोन मालकांची. लोहमार्ग एकेरी असेल तेथे जुन्या पद्धतीत गाडीच्या चालकाला एक धातूचा गोळा देत. तो टोकन. एका वेळी त्या टप्प्याचा एकच गोळा यंत्रातून बाहेर निघे, त्यामुळे समोरासमोर दोन गाड्या येत नसत. व्हीटी-एक्सचा कारभारही असाच आहे. ज्याने ती सोय आधी ताब्यात घेतली, त्याच्यामुळे दुसरा अडून राहतो. लिनक्समध्ये केव्हीएम नावाचा स्वतःचा हायपरव्हायजर २००७ पासून कर्नेलचाच भाग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीपासून तो कर्नेलमध्ये चढताच टोकन घेऊन ठेवतो. साहजिकच व्हर्च्युअलबॉक्सला ते मिळेना, आणि कालपर्यंत चालणारी यंत्रे अनेकांकडे अडली. उपाय सोपा : दोहोंपैकी एकच वापरायचा, आणि दुसऱ्याचा ड्रायव्हर कर्नेलमधून उतरवायचा. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही चालू असेल, तर तेच टोकन त्याच्या हाती असते. मग इतरांना त्याच्यामार्फत काम करावे लागते, आणि ते संथ होऊ शकते.

चौथी अडचण सर्वांत गंभीर. तिची साक्ष १९ जुलै २०२४ या दिवसाने दिली. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रामचा एक भाग विंडोजच्या कर्नेलमध्ये चालत असे. त्या दिवशी त्याला माहितीची एक सदोष फाइल पाठवली गेली. ड्रायव्हरला २० किमती पुरवल्या जात होत्या. नव्या फायलीमुळे तो २१ वी किंमत वाचायला गेला. नसलेल्या जागी हात घातल्याबरोबर कर्नेल कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. हा आभासी यंत्राचा ड्रायव्हर नव्हता, हे खरे. पण धडा सर्वच कर्नेल ड्रायव्हरांना लागू आहे : गाभ्यात जितकी माणसे कमी, तितका धोका कमी. ॲपल कंपनीने २०१४ पासून आपल्या प्रणालीतच आभासी यंत्राची सोय दिली, आणि २०१९ पासून परक्या कंपन्यांना कर्नेलच्या बाहेर ठेवण्याचे धोरण धरले, ते याच विचाराने.

शाळेत करून पाहा

आता आपल्या दहा संगणकांकडे येऊ. पुढील प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि आधी एकाच संगणकावर करावा.

(१) महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.

(२) विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' उघडून 'परफॉर्मन्स' या भागात प्रोसेसरची माहिती पाहा. तेथे 'व्हर्च्युअलायझेशन' चालू आहे की बंद, ते दिसते. बंद असल्यास संगणक सुरू होतानाच्या मांडणीत ते चालू करावे लागते.

(३) आभासी यंत्राचा प्रोग्राम त्याच्या निर्मात्याकडूनच घ्या. कर्नेलमध्ये शिरणारी वस्तू कोणाकडून तरी पेन-ड्राइव्हवर आणू नये.

(४) संगणकाची स्मृती ८ जीबी असेल तर पाहुण्याला २ ते ३ जीबी द्या. यजमान उपाशी राहिला तर दोघेही अडखळतील. एकूण ४ जीबीच असेल तर हा प्रयोग फार संथ होतो.

(५) लिनक्स बसवून झाल्यावर त्या यंत्राचा 'स्नॅपशॉट' घ्या. मग मुद्दाम आतल्या प्रणालीच्या फायली पुसा, यंत्र बिघडवा, आणि स्नॅपशॉटवर परत जा. बाहेरचे विंडोज तसेच राहिलेले तुम्हाला दिसेल.

दोन गोष्टी विसरू नका. वीज अचानक गेली तर पाहुण्याची डिस्क असलेली फाइल बिघडू शकते, आणि स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतो; म्हणून स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तसेच यजमान आणि पाहुणा यांच्यात सामाईक फोल्डर ठेवले, तर ती भिंतीतली खिडकी असते. आतला विषाणू तेथून बाहेरच्या फायलींपर्यंत पोहोचू शकतो. प्रोग्राम नकोसा झाला तर त्याच्याच काढून टाकण्याच्या सोयीने काढा, म्हणजे त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये मागे राहणार नाही.

आणि शिक्षकांनी लिनक्सविषयी निर्णय घेण्यापूर्वी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. पाहुण्याला दिसणारी जाळ्याची आणि चित्राची कार्डे खरी नसतात; ती हायपरव्हायजरने उभी केलेली नक्कल असते. त्यामुळे लिनक्सवर मराठी टंकलेखन कसे होते, निकालपत्रक तयार होते का, मुलांना ती प्रणाली रुचते का, हे सर्व आभासी यंत्रात कळेल. परंतु शाळेच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे का, हे त्यातून मुळीच कळणार नाही. त्यासाठी लिनक्स पेन-ड्राइव्हवर घेऊन, डिस्कला हात न लावता, खऱ्या यंत्रावरच सुरू करून पाहावे लागते. छपाईयंत्रही तेव्हाच जोडून तपासावे. पेन-ड्राइव्हवरून संगणक सुरू करा, वायफाय जोडा, एक पान छापा. तिन्ही झाले, आणि आभासी यंत्रातही आपले रोजचे काम होत असेल, तर पहिल्या संगणकावर लिनक्स बसवायला हरकत नाही.